आधी गाय बुडते

उजनी मायनसमध्ये गेली की आमच्या घरात दोन गोष्टी हटकून घडतात. उसाला पाणी कुठून आणायचं यावर माझा थोरला मुलगा रात्री उशिरापर्यंत फोनवर बोलत बसतो, ही पहिली. दुसरी म्हणजे सुट्टीला आलेली नातवंडं माझ्या मागं लागतात, "आबा, पळसनाथाला कधी जायचं?"

पहिल्या गोष्टीवर माझ्याकडं इलाज नाही. दुसरीसाठी मी वर्षभर वाट बघत असतो.

धाकट्याला आधी त्या 'मायनस'चाच पेच पडला. तो आता चौथीत गेलाय आणि हिशेबात कुणाला सोडत नाही. म्हणाला, "आबा, पाणी शून्यापेक्षा कमी कसं असेल? शून्य म्हणजे संपलंच की!"

मी म्हटलं, "बाळा, घरात पूर्वी ज्वारीची कणगी असायची. तिच्या तळाला बियाण्याची ज्वारी ठेवायची आणि वरची खायची. वरची संपली की तुझी पणजी म्हणायची, ज्वारी संपली. कणगी काही रिकामी नसायची. उजनीचंही तसंच. धरणात एकूण 117 टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं तळाचं साधारण साडेत्रेसष्ट टीएमसी म्हणजे मृतसाठा, बियाण्याची ज्वारी. वरच्या साडेत्रेपन्नासाला म्हणायचं उपयुक्त साठा. पेपरात येणारे टक्के या वरच्या पाण्याचे. ते संपून तळाच्या पाण्याला हात घातला की उणे सुरू. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे पन्नासच्याही खाली गेली होती."

"म्हणजे बियाणं खाल्लं," थोरली म्हणाली. ती नववीत आहे. तिचं बोलणं कधीकधी उगाच खरं असतं.

दुपारी चारला निघालो. मुद्दाम चारला. का ते पुढं सांगतो.

नवं पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्याला आहे. जुनं भीमेच्या काठाला होतं. 1980 साली उजनी धरण पूर्ण झालं, त्याच्या आधीच पाणी चढायला लागलं होतं आणि गाव उठून वर आलं. मी तेव्हा पंचविशीत होतो. लोकांनी वासे काढले, दारं काढली, चौकटी काढल्या. देवही नव्या गावात नव्या देवळात आला. पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ मात्र कुणाला काढून नेता येणार? ते राहिलं तिथंच. तेव्हापासून वर्षाचे बरेच महिने ते पाण्याखाली असतं. पाणी उतरलं की आधी शिखर दिसतं, मग हळूहळू खालचा दगड, आणि फारच उतरलं तर चालत जाता येतं. भोई लोकांच्या होड्या एरवी ज्या पाण्यावरनं चिलापीच्या जाळ्याला जातात, त्याच पाण्याच्या तळावरनं त्या दिवशी आम्ही चपला हातात घेऊन चाललो होतो.

खाली काळा गाळ वाळून तडकला होता. धाकटा प्रत्येक ढेकळाचे कोपरे मोजत होता. "हा चौकोन. हा पाचकोनी. आबा, हा सहाकोनी!"

इथं मी पहिली गोष्ट सांगून टाकली. ओला गाळ वाळला की आकसतो. चहूबाजूंनी आकसताना त्याची ओढाताण होते आणि तो फाटतो. पहिल्या वेळेला भेगा एकमेकींना काटकोनात भेटतात, इंग्रजी टी अक्षरासारख्या. पण गाळ पुन्हा भिजला, पुन्हा वाळला, असं वरचेवर झालं की त्याच भेगा सरकत सरकत तीन-तीन दिशांच्या होतात आणि मधाच्या पोळ्यासारखी सहाकोनी फरशी तयार होते. पाणी गेल्यामुळं गाळ आकसतो, उष्णता गेल्यामुळं लाव्हा आकसतो. दोघांचं फाटायचं गणित एकच. अंधेरीला गिल्बर्ट हिल नावाचा काळ्या दगडाचा उभा सुळका आहे. त्यावर सहाकोनी खांबांची जुडी बांधून उभी केल्यासारखं दिसतं. ते खांब कुणी घडवले नाहीत. गार होता होता दगड तसा तडकला.

"म्हणजे आपण चिखलाच्या गिल्बर्ट हिलवरनं चाललोय," धाकटा म्हणाला आणि ढेकळाढेकळावरनं उड्या मारत पुढं गेला.

देवळाचं वर्णन मी करत बसत नाही. शिखराचे फोटो दर उन्हाळ्यात पेपरात येतात, ड्रोन घेऊन पोरंही येतात. सगळे मान वर करून बघतात. माझी मान खाली असते. देवळाच्या आवारात आणि आजूबाजूला कोरीव उभे दगड आहेत. काही उभे, काही आडवे, काही अर्धे गाळात. ते वीरगळ. आपल्याकडं गावोगाव वेशीला, देवळाच्या भिंतीला टेकलेले असतात. कुणी त्यांना शेंदूर फासून म्हसोबा करतं, कुणी त्यावर धुणं आपटतं. आमच्या लहानपणी एका आडाच्या कडेला असा एक दगड होता. त्याच्यावरच्या घोडेस्वाराच्या पाठीवर मी किती वर्षं कळशी टेकवली असेल!

"वीरगळ म्हणजे वीराच्या गळ्याशी काहीतरी?" थोरलीनं विचारलं.

"नाही ग. हा शब्द कानडी मुलुखातला. वीर आणि कल्लु. कल्लु म्हणजे दगड. वीराचा दगड. आपल्या जिभेवर येता येता त्याचा गळ झाला."

गुंथर सोन्थायमर नावाचे एक जर्मन पंडित या पुणे जिल्ह्यातनं धनगरांच्या मागं रानोमाळ हिंडायचे. त्यांनी आणि धारवाडच्या एस. सेट्टर यांनी मिळून 1982 साली भारतातल्या अशा स्मारकशिळांवर एक जाडजूड ग्रंथ काढला. जर्मनीतला माणूस येऊन आपल्या धुण्याच्या दगडाचा ग्रंथ करतो, हे कळलं तेव्हा मला जरा ओशाळल्यासारखंच झालं होतं.

आता चारला का निघालो ते. वीरगळ भर दुपारी बघायचा नसतो. डोक्यावरचं ऊन सगळीकडं सारखं पडतं, सावलीच उरत नाही, आणि झिजलेली नक्षी सपाट होऊन जाते. सूर्य कलला, ऊन तिरपं आलं, की एका केसाएवढ्या उंचवट्याचीही लांब सावली पडते आणि दगड बोलायला लागतो. रात्री जायचं तर बॅटरी दगडाच्या अंगाला लावून आडवी धरायची. खडू घासायचा नाही, तेल ओतायचं नाही. ऊन फुकट आहे, तेवढं पुरतं.

सव्वासहाला तिथल्या एका वीरगळावर ऊन आडवं आलं आणि धाकटा ओरडला, "आबा, गाय!"

होती. अगदी तळाच्या चौकटीत. आधी शिंगं दिसली, मग पाठीची रेघ, आणि तिच्या पोटाशी तोंड खुपसलेलं एक वासरू. तिच्या शेजारी एक माणूस आडवा पडलेला.

वीरगळ खालून वर वाचायचा असतो. पोरांना मी तसाच वाचायला लावला. पहिली चौकट: गाई, आणि पडलेला माणूस. म्हणजे गुरं पळवून नेणारे आले होते आणि हा आडवा गेला. त्या काळी गोधन म्हणजे बँक. गावावर धाड पडायची ती गुरांसाठी. दुसरी चौकट: लढाई. यात तो उभा आहे, हातात ढाल-तलवार, समोर दोघं. म्हणजे गोष्ट शेवटापासून सुरू होते, आधी मरण आणि मग मारामारी. तिसरी चौकट: दोन्ही बाजूंना अप्सरा, मध्ये तो, त्याला वर नेतायत. चौथी: शिवलिंगापुढं हात जोडून बसलाय, कैलासात पोचला. सगळ्यात वर कळस. आणि कळसाच्या दोन अंगांना दोन छोट्या खुणा, एक वाटोळी आणि एक कोयत्यासारखी.

"सूर्य आणि चंद्र," थोरली म्हणाली. "पण दोघं एकदम कसे?"

"ही दिवसाची वेळ नाही बाई, ही मुदत आहे. चंद्र-सूर्य आहेत तोवर याचं नाव राहो. जुन्या दानपत्रांतही हीच मुदत लिहायचे."

"पण आबा," धाकटा म्हणाला, "नाव कुठाय?"

नव्हतं. मी दगडाच्या चारी बाजूंनी त्याला फिरवलं. एक अक्षर नाही. काही वीरगळांवर लेख असतात, कर्नाटकात तर पुष्कळ, पण आपल्याकडचे बहुतेक मुके. मुंबईला बोरिवलीजवळ एकसर गावात वीरगळांची एक रांग आहे. त्यावर चक्क आरमाराची लढाई कोरली आहे, वल्ही मारणाऱ्या नावांच्या ओळीच्या ओळी. ती लढाई कुणाकुणात झाली ते अभ्यासकांना इतर पुराव्यांवरनं जुळवावं लागतं. मग गुरांसाठी मेलेल्या एका गावच्या माणसाला कोण विचारतो?

धाकटा जरा हिरमुसला. तेव्हा मी त्याला दुसरी युक्ती दाखवली. फुटक्या स्पीकरमधला लोहचुंबक मी खिशात घालूनच आणला होता. म्हटलं, "काठावरच्या वाळूतनं हा फिरव."

फिरवला. चुंबकाला काळ्या बारीक कणांची दाढी आली.

हे कण मॅग्नेटाइटचे, लोखंडाच्या एका खनिजाचे. ते येतात या काळ्या दगडातनं. आणि हा दगड येतो लाव्ह्यातनं. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या जमिनीला भेगा पडल्या आणि आतनं अकराशे-बाराशे अंशांचा रस उतू गेला. ज्वालामुखी म्हटलं की तुम्ही डोंगराचं टोक आणि वर धूर काढता तसं नाही. दूध उतू गेल्यावर ओट्यावर पसरतं तसं. एक थर पसरला, गार झाला, त्यावर दुसरा, मग तिसरा. आज राहिलाय तो पसारा पाच लाख चौरस किलोमीटरचा आहे, आणि सह्याद्रीकडं त्याची जाडी दोन किलोमीटरपर्यंत जाते.

विहीर खणताना आपल्याकडं म्हणतात बघा, आधी मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. लाव्ह्याच्या थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो. त्या पोकळ्यांत पुढं पांढरी खनिजं भरतात आणि दगड ठिपक्याठिपक्यांचा होतो. तो टाकी खाल्ली की फुटतो. थराच्या पोटातला भाग मात्र सावकाश गार होतो आणि घट्ट बसतो. पाथरवट हातोडीनं टोला मारून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर सोडायचा. तुमच्या आजीचा पाटा याच दगडाचा. मीटरभर उंच, हातभर रुंद आणि वीतभर जाड वीरगळ अडीचशे किलोच्या घरात जातो. त्याच्यावर गाईचं वासरू कोरायचं म्हणजे छिन्नीची किती पाती बोथट झाली असतील!

पण मला पोरांना सांगायचं होतं ते निराळंच. हा रस घट्ट होऊन दगड झाला आणि गार होता होता त्यातलं मॅग्नेटाइट 580 अंशांच्या खाली उतरलं, की प्रत्येक कणाचं चुंबकत्व होकायंत्राच्या सुईसारखं पृथ्वीच्या चुंबकाकडं तोंड करतं. मग दगड आणखी गार होतो आणि ती सुई तिथंच गोठते. कायमची. 1950 च्या दशकात लंडनच्या पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या गटानं दख्खनच्या दगडांतल्या या गोठलेल्या सुया मोजल्या. दोन गोष्टी निघाल्या. सुयांचा कल सांगत होता की हा दगड थिजला तेव्हा तो विषुववृत्ताच्या पलीकडं, दक्षिण गोलार्धात होता. म्हणजे आपली सगळी जमीन पुढं हजारो किलोमीटर उत्तरेला चालत आली. आणि दुसरं म्हणजे, दख्खनच्या बहुतेक थरांत सुई उलटी आहे. तेव्हा पृथ्वीचं चुंबकच उलटं होतं. आजचं होकायंत्र त्या काळात नेलं असतं तर त्याचं उत्तरेचं टोक दक्षिणेला वळलं असतं.

धाकटा दगडाला कान लावून बसला होता.

"काय ऐकतोस?"

"मुका नाहीये आबा हा," तो म्हणाला. "कोरायच्या आधीच याच्यात लिहिलेलं होतं."

मी गप्प बसलो. मास्तरकीत चाळीस वर्षं घालवली तरी असं वाक्य आपल्याला सुचत नाही.

परतीच्या वाटेवर थोरलीनं आत्याचा विषय काढला. तिच्या त्या आत्याकडं मी एकदा दोन महिने राहून आलोय, इंग्लंडात न्यूकासलला. तिनं मला दीडेक तासाच्या वाटेवरचं एक बेट दाखवलं होतं, लिंडिसफार्न. त्याची वाटच मजेची. समुद्राच्या तळावरनं डांबरी रस्ता आहे. दिवसातनं दोनदा भरती येते आणि रस्ता बुडतो, दोनदा ओहोटी येते आणि रस्ता निघतो. वेळापत्रक न बघता गाडी घालणारे शहाणे तिथंही आहेत. त्यांच्यासाठी मध्येच खांबांवर एक पेटीसारखी खोली उभी केली आहे, चढून बसा आणि पाणी उतरायची वाट बघा! आमचं पळसदेव वर्षातनं एकदा बुडतं आणि एकदा निघतं. ते बेट हाच खेळ रोज दोनदा खेळतं.

तिथं 635 साली एडन नावाच्या साधूनं मठ काढला. पुढं 793 च्या जूनमध्ये उत्तरेकडचे व्हायकिंग गलबतं घेऊन आले आणि त्यांनी मठ लुटला. त्या मठातले जुने थडग्यांचे दगड आता तिथल्या संग्रहालयात आहेत. काही अगदी छोटे, शाळेच्या पाटीएवढे, वरच्या अंगाला गोल. त्यावर एक क्रूस कोरलेला, आणि त्या क्रूसानं पाटीचे चार भाग केले की त्या भागांत मेलेल्या माणसाचं नाव. मी एका दगडापुढं बराच वेळ उभा होतो. त्यावर नाव होतं ओस्गिथ, बाईचं नाव. तेही दोनदा, एकदा रोमन अक्षरांत आणि एकदा रून नावाच्या जुन्या अक्षरांत. जसं आपल्याकडं एखादं नाव देवनागरीत आणि मोडीत दोन्ही लिहावं. बाराशे वर्षांहून जुना दगड. ओस्गिथ कोण होती, काय करायची, कशानं गेली, एका रेघेनंही कळत नाही.

आयर्लंडात शॅनन नदीच्या काठाला क्लॉनमॅक्नॉइज नावाचा असाच एक जुना मठ आहे. तिथं असे क्रूसाचे दगड नि त्यांचे तुकडे मिळून सहाशेच्या वर आहेत. त्यावरचा मजकूर बहुतेक ठरलेला: अमक्यासाठी प्रार्थना करा. बस.

"म्हणजे त्यांच्या दगडावर नाव आहे, काम नाही," थोरली हळूच म्हणाली. "आपल्यावर काम आहे, नाव नाही."

मी तिच्याकडं बघतच राहिलो. त्या संग्रहालयात अर्धा तास उभं राहून मला जे वाटलं आणि नीट सांगता आलं नाही, ते हिनं चिखलातनं चालता चालता सांगितलं. मला वाटतं, यात दोन्हीकडच्या माणसांचा स्वभाव आहे. मठातल्या माणसाला पुढच्या माणसाकडनं प्रार्थना हवी होती, आणि प्रार्थनेला नाव लागतं. नावाशिवाय देवाकडं कुणाची शिफारस करणार? आपल्या गावाला नाव लिहायची गरज वाटली नसेल. अक्षर वाचणारे किती होते? आणि तो कोण होता हे पोराटोरांना ठाऊकच होतं. पुढं गाव उठेल, ज्यांना ठाऊक होतं ते मरतील आणि दगड तेवढा उरेल, हे कुणाच्या ध्यानात आलं नसावं.

त्या बेटावरचा आणखी एक दगड मात्र मला थेट पळसदेवला घेऊन आला. नवव्या शतकातला. एका अंगाला सात हत्यारबंद माणसं रांगेनं, तलवारी आणि कुऱ्हाडी डोक्यावर उगारलेल्या. लोक म्हणतात, हे 793 चे व्हायकिंग. पंडित म्हणतात, कदाचित जगाच्या शेवटाचा देखावा. दुसऱ्या अंगाला मधोमध क्रूस, त्याच्यापुढं वाकलेली दोन माणसं, दोन हात, आणि वर सूर्य आणि चंद्र.

"तिथं पण सूर्य-चंद्र?" धाकटा थांबलाच.

तिथं पण. एका अंगाला लढाई, दुसऱ्या अंगाला देव आणि आकाश. आपल्या वीरगळात या गोष्टी एकावर एक रचल्या आहेत, त्यांच्यात पाठीला पाठ लावून. दोघांचे देव वेगळे. सूर्य-चंद्रांचा अर्थही एक नव्हता, त्यांच्यात त्याला क्रूसाच्या कथेचा संदर्भ असतो. पण दगड हातात घेतल्यावर दोन्हीकडच्या माणसांनी मान वर करून तेच दोन दिवे बघितले. आणि गंमत बघा, त्या बेटाचा रस्ता बुडवणारी भरती आणतात तेही हेच दोघं. चंद्र जास्त ओढतो, सूर्य थोडा कमी. अमावास्येला आणि पौर्णिमेला दोघं मिळून ओढतात तेव्हा पाणी सगळ्यात वर चढतं.

ही ओढाताण चंद्रालाही फुकट नाही पडत. भरतीच्या पाण्याचा फुगवटा पृथ्वी फिरता फिरता जरा पुढं रेटते, तो फुगवटा चंद्राला पुढं ओढतो, आणि चंद्र दरसाल सुमारे 3.8 सेंटिमीटर लांब जातो. धाकट्याला हिशेब घातला: दगड आठशे वर्षांचा धरला तर किती? त्यानं बोटांवर, मग मोबाइलवर करून सांगितलं, तीस मीटर. "म्हणजे आबा, कोरला तेव्हा चंद्र तीस मीटर जवळ होता!" आपल्या विहिरीच्या दोन-तीन नाड्या जोडल्या तर भरतील तेवढा. चंद्र असेतोवर, असं लिहून देणाऱ्याला हे माहीत नव्हतं, पण त्याचा अंदाज काही वाईट नव्हता.

क्रूसाचे जुने दगड आपल्या बाजूलाही आहेत बरं का. थडग्याचे नव्हेत, पण आहेत. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर 1547 साली पोर्तुगीजांना एक कोरीव क्रूस सापडला. त्याच्या कडेनं पहलवी लिपीतला लेख आहे, इराणातल्या जुन्या लिपीतला. गोव्यात झुआरीच्या काठाला आगशीजवळही 2001 साली असाच पहलवी अक्षरांचा क्रूस मिळाला. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधी समुद्रावरनं व्यापारी येत-जात होते, त्यांच्याबरोबर ही अक्षरं आली.

वाटेत एका आडव्या शिळेपाशी थोरली थबकली. तिच्यावर एक हात कोरलेला. कोपरात वाकलेला, पंजा उघडा, मनगटात बांगड्या. वर तेच सूर्य-चंद्र.

"ही सतीची शिळा," मी म्हटलं. पुढं काय बोलावं ते मला सुचेना. वीरगळ दाखवताना माझा आवाज चढतो, इथं तो उतरतो. आमच्या वेळी या हाताला नारळ फोडायचे आणि पोरींना पाया पडायला लावायचे. मी माझ्या लेकीला लावलं नाही. 1829 साली बंगालात आणि पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात सतीला कायद्यानं बंदी झाली. त्याआधी असे किती हात दगडावर आले त्याची मोजदाद नाही. थोरलीनं आपला पंजा त्या पंज्यावर ठेवून बघितला. तिच्याहून लहान होता.

ती काही बोलली नाही. आम्ही पुढं निघालो.

दगड पाण्यात राहून खराब होत नाही का, हा प्रश्न घरी जेवताना निघाला. आमटी ताटात होती म्हणून मी आधी मसाल्याच्या डब्यातलं दगडफूल मागवलं. हा सुरकुतलेला राखाडी पापुद्रा एकटा जीव नसतो. बुरशी आणि शेवाळ यांचा एकत्र संसार असतो. बुरशी घर बांधते, शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं. दगडावर पापडीसारखी चिकटून बसणारी यांची भावंडं वर्षाला मिलिमीटरभरच वाढतात. डोंगरावरच्या देवळांच्या भिंतींवर त्यांचे पांढरे, पिवळे गोल चट्टे दिसतात. ती आम्ल सोडतात, बारीक धाग्यांनी दगडाच्या कणांत घुसतात आणि नक्षीचं तोंड हळूहळू भुरभुरीत करतात. पण बहुतेक दगडफुलांना महिनोनमहिने पाण्याखाली राहणं मानवत नाही. म्हणून पळसदेवच्या दगडांवर गाळ दिसतो, शेवाळ दिसतं, हे चट्टे दिसत नाहीत.

खोल पाण्यात दगड खरं तर निवांत असतो. ऊन नाही, वारा नाही, दुपारचा चटका आणि रात्रीचा गारवा नाही. गाळानं पांघरूण घातलं तर आणखी बरं. वाईट असतं ते येणं-जाणं. काळ्या दगडातली काही खनिजं मुरता मुरता चिकणमाती होतात. ही माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. शिवाय पाणी दगडात मुरताना क्षार घेऊन येतं, आणि पाणी उडून गेलं की ते क्षार आतल्या आत स्फटिक होऊन दगडाला कोपरानं ढकलतात. मग कांद्याची साल निघावी तशा पापुद्र्या सुटतात. काठावरच्या लाटा चापट्या मारतात त्या वेगळ्याच. चुन्याचं काम तर याहून हळवं. म्हणजे जो उन्हाळा आपल्याला वीरगळ दाखवतो, तोच त्याची एक साल काढून नेतो.

"मग पाणी उतरूच नये का?" धाकट्यानं विचारलं.

त्याचा बाप तेव्हा बाहेर फोनवर पाळीपाळीनं येणाऱ्या पाण्याबद्दल भांडत होता. मी म्हटलं, "हे तुझ्या बापाला विचार."

जूनअखेर पोरं आपापल्या गावाला गेली. जुलैत घाटावर पाऊस लागला आणि आमच्याकडं सगळ्यांच्या तोंडी एकच आकडा सुरू झाला, दौंडचा विसर्ग. पुण्याकडच्या धरणांचं पाणी सुटलं की ते दौंडवरनं उजनीत येतं. सकाळी चहाआधी लोक तो आकडा बघतात. मीही बघतो.

एका रात्री धाकट्याचा फोन आला. "आबा, पाणी चढलं?"

"चढतंय. आज होडीवाल्याला विचारलं."

"गाय बुडाली का?"

"बुडाली. गाय आणि तो पडलेला माणूस परवाच गेले. काल लढाई गेली."

तो मनातल्या मनात वरवर मोजत असावा. "मग आता अप्सरांच्या पायाला पाणी लागलं असेल."

"कमरेला."

"आणि सूर्य-चंद्र?"

"ते सगळ्यात वर आहेत. दौंडला असाच विसर्ग राहिला तर रविवारपर्यंत."

"रविवारी मी फोन करतो," तो म्हणाला. "तुम्ही जाऊन बघून ठेवा."